अल्डोलेजचा डेल्टा जी +२३.८ आहे, मग ग्लायकोलिसिस पुढे जाते कसं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो, गडचिरोली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी सेकंड इयरला असलेल्या या मुलीचे तीन प्रश्न आहेत. पहिला, बायोकेमिस्ट्रीचं पुस्तक म्हणते की एटीपीचा (पेशी कामासाठी खर्च करते तो रेणू) हाय एनर्जी बॉण्ड तुटला की एनर्जी निघते, अन् केमिस्ट्रीचे सर म्हणतात बॉण्ड तोडायला एनर्जी लागतेच लागते, मग खरं कोणाचं? दुसरा, ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशी दहा पायऱ्यांत ग्लुकोज तोडते त्या वाटेच्या, तक्त्यात चौथ्या पायरीच्या अल्डोलेज एन्झाइमसमोर डेल्टा जी (फ्री एनर्जीतला फरक) +२३.८ किलोज्यूल लिहिलं आहे, पॉझिटिव्ह म्हणजे रिअ‍ॅक्शन आपोआप होत नाही असं शिकवलं, तरी ती होते, ते काहून? तिसरा, एका ग्लुकोजपासून एटीपी किती लिहायचे, ३६, ३८, ३० की ३२? क्लासमध्ये विचारलं तर पोर्शन संपवायच्या घाईत उत्तर मिळालं, "पाठ करून टाक, परीक्षेला येते."

मी बरीच वर्षं ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबमध्ये काढली अन् आता भंडारा जिल्ह्यात पोरापोरींना बायोकेमिस्ट्री शिकवतो. तू म्हणून बोलतो, राग नको मानू, सवय आहे. तुझे प्रश्न तीन दिसतात पण माझ्या मते ते एकच आहेत, अन् तो असा आहे की एनर्जी असते कुठं? बहुतेक पोरं हा प्रश्न न सोडवताच दहा पायऱ्या, दहा एन्झाइम तोंडपाठ करतात, मग व्हायवात एक्स्टर्नलनं एक आडवा प्रश्न टाकला की गाडी अडते. तू अडली ते अगदी बरोबर जागी अडली.

आधी बॉण्डचं. तुझे केमिस्ट्रीचे सर बरोबर आहेत, कोणताही बॉण्ड तोडायला एनर्जी द्यावीच लागते, फॉस्फेटचा असला म्हणून त्याला सूट नाही. पण एटीपीच्या हायड्रोलिसिसमध्ये नुसता बॉण्ड तुटत नाही ना, पाणी येऊन जोडल्या जाते, नवे बॉण्ड तयार होतात, अन् जे दोन तुकडे निघतात, एडीपी अन् फॉस्फेट, ते पाण्यात एटीपीपेक्षा जास्त सुखानं राहतात. पीएच ७ ला एटीपीच्या शेपटीवर जवळपास चार निगेटिव्ह चार्ज दाटीनं बसलेले असतात, एकमेकाला ढकलत, तुकडा वेगळा झाला की ती ढकलाढकली कमी होते. सुटलेल्या फॉस्फेटला रेझोनन्स (चार्ज अनेक अणूंवर वाटल्या जाणं) जास्त मिळतो, त्याच्याभोवती पाण्याचे रेणूही चांगले बसतात. या सगळ्याचा एकत्र हिशोब केला की स्टँडर्ड कंडिशनला −३०.५ किलोज्यूल प्रति मोल येतात. म्हणजे हा आकडा पूर्ण रिअ‍ॅक्शनचा आहे, त्या एका बॉण्डचा नाही. फ्रिट्झ लिपमन यांनी १९४१ मध्ये हाय एनर्जी फॉस्फेट बॉण्डची कल्पना मांडली अन् तो बॉण्ड दाखवायला नागमोडी रेघ वापरली, ती रेघ हिशोबासाठी फार कामाची होती म्हणून आजपर्यंत पुस्तकांत आहे, पण ती पाहून पोरांना वाटते की स्प्रिंगसारखं काहीतरी आत दाबून ठेवलं आहे. तसं काही नाही.

आता याच्या पुढची गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते अन् वर्गात बहुतेक वेळा राहून जाते. समज एका बीकरमध्ये एटीपी टाकलं, मॅग्नेशियम टाकलं, ते तोडणारं एन्झाइम टाकलं अन् भरपूर वेळ तसंच ठेवलं. शेवटी ते इक्विलिब्रियमला येईल, म्हणजे दोन्ही बाजूंचा वेग सारखा होईल, तिथं जवळजवळ सगळं एडीपी अन् फॉस्फेट असेल, पण अगदी नाममात्र एटीपी उरलेलं असेलच. त्या उरलेल्या एटीपीच्या रेणूत तोच बॉण्ड आहे, तेच चार्ज आहेत, तरी त्या बीकरमधून तू एक पैशाचं काम काढू शकत नाही. तिथं डेल्टा जी शून्य. रेणू तोच, अन् काम शून्य. मग पेशीत त्याच रेणूकडून काम कसं होते? कारण पेशी एटीपीला इक्विलिब्रियमपर्यंत जाऊच देत नाही. लाल पेशीत एटीपी साधारण २.२५ मिलिमोलर, एडीपी ०.२५, फॉस्फेट १.६५ असं धरतात. एवढं फॉस्फेट असताना इक्विलिब्रियमला एडीपी एटीपीच्या दहा कोटी पटीहून जास्त असायला पाहिजे, अन् पेशीत ते एटीपीच्या नवव्या हिश्शाएवढं आहे. म्हणजे पेशीनं हे गुणोत्तर इक्विलिब्रियमपासून साधारण एक अब्ज पटीनं दूर ओढून धरलं आहे, अन् तिचं सगळं काम त्या अंतराच्या जोरावर चालते. हे आकडे टाकून डेल्टा जी काढला तर −३०.५ नाही, जवळपास −५२ किलोज्यूल येतो.

एक शंका इथं हमखास निघते, ती आधीच सांगतो, की एवढी ओढ आहे तर एटीपी पाण्यात आपोआप काहून तुटत नाही? कारण रिअ‍ॅक्शन कोणत्या बाजूला जाईल हे डेल्टा जी सांगते, किती वेगानं जाईल ते सांगत नाही. मधे ॲक्टिव्हेशनचा चढ आहे, एन्झाइम नसेल तर एटीपी बराच वेळ तसंच राहते. या दोन गोष्टींची सरमिसळ पेपरात सगळ्यात जास्त दिसते. एन्झाइम डेल्टा जी बदलत नाही, हे वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

आता अल्डोलेज. इथं घाई करू नको, कागद घे.

तक्त्यातला +२३.८ हा डेल्टा जी नॉट प्राइम आहे. तो कोणत्या परिस्थितीचा? २५ अंश तापमान, पीएच ७, अन् भाग घेणारा प्रत्येक पदार्थ १ मोलर. आता तूच विचार कर, अल्डोलेज ज्याला तोडते ते फ्रुक्टोज १,६ बिसफॉस्फेट १ मोलर, म्हणजे लिटरला ३४० ग्रॅम. कोणत्याच पेशीत असं नसते. लाल पेशीत ते ३१ मायक्रोमोलर असते, म्हणजे तक्त्यातल्या परिस्थितीपेक्षा बत्तीस हजार पट पातळ. त्यामुळे तक्त्यातला आकडा खोटा नाही, पण तो पेशीतला आकडाही नाही. पेशीतला काढायचं सूत्र तुला माहीत आहे: डेल्टा जी = डेल्टा जी नॉट प्राइम + आरटी एलएन क्यू. आरटी ३७ अंशाला २.५८ किलोज्यूल. क्यू म्हणजे प्रॉडक्टचा गुणाकार भागिले रिअ‍ॅक्टंट.

अल्डोलेजचे दोन प्रॉडक्ट आहेत, डीएचएपी अन् ग्लिसराल्डिहाइड ३ फॉस्फेट. लाल पेशीत पहिलं १३८ मायक्रोमोलर, दुसरं १८.५. सगळं मोलरमध्ये कर, नाहीतर उत्तर साफ चुकते. ०.०००१३८ गुणिले ०.००००१८५, भागिले ०.००००३१, क्यू येतो साधारण ०.००००८२. त्याचा एलएन −९.४. त्याला २.५८ नं गुण, −२४.२. आता बेरीज कर, २३.८ − २४.२ = −०.४. झालं. डोंगराएवढा वाटणारा +२३.८ पेशीत जवळपास शून्यावर आला, अन् तोही निगेटिव्ह बाजूला.

पण नुसतं गणित जुळलं म्हणून समाधान मानू नको, असं काहून झालं ते बघ. एका रेणूचे दोन होतात, ही इथली खरी गंमत आहे. एकाचे दोन होणाऱ्या रिअ‍ॅक्शनला पातळपणा मदत करते, कारण उलटं जायचं असेल तर दोन तुकड्यांना एकमेक सापडावं लागते, अन् पातळ द्रावणात सापडणं कठीण. +२३.८ वरून इक्विलिब्रियम कॉन्स्टंट काढला तर ०.००००६८ येतो. आता १ मोलर फ्रुक्टोज बिसफॉस्फेट घेऊन अल्डोलेज टाकलं तर इक्विलिब्रियमला त्यातलं एक टक्कासुद्धा तुटत नाही. तेच ५० मायक्रोमोलर घेतलं तर दोन तृतीयांश तुटते. एन्झाइम तेच, स्टँडर्ड आकडा तोच, कॉन्स्टंट तोच. मी वर्गात हे गणित फळ्यावर करतो अन् दुसरं उत्तर पोरांकडूनच काढून घेतो, क्वाड्रॅटिक सोडवायला लागते म्हणून कुरकुर होते पण उत्तर आल्यावर चेहरे बदलतात.

आता पूर्ण दहा पायऱ्या एकत्र बघ. तुमच्याकडे वडसा, आरमोरी भागात धान होते, तुला बांध्या माहीत असतील. सपाट जागी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पाणी उतरते तेव्हा दोन्हीतली पातळी जवळजवळ सारखीच दिसते, बोटभर फरक असतो, तरी पाणी चालत असते, कारण खालून कोणीतरी पुढं काढून घेत आहे. अन् जिथं उतार मोठा आहे तिथं पाणी धबकन खाली पडते, ते उलटं चढत नाही, म्हणून राखण करायची तर त्या धुऱ्याच्या तोंडावर करतात. ग्लायकोलिसिसमध्ये असे मोठे उतार तीनच आहेत. पहिल्या पायरीचं हेक्सोकायनेज, लाल पेशीत साधारण −३३ किलोज्यूल. तिसऱ्या पायरीचं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, −२२. दहाव्या पायरीचं पायरुवेट कायनेज, −१७. बाकी सात पायऱ्या शून्याच्या आसपास, अल्डोलेज त्यातलीच एक. म्हणून पेशी आपलं नियंत्रण या तीन ठिकाणी ठेवते, मधल्या सातवर ठेवून उपयोग नाही, तिथं दोन्ही बाजूंनी वाहतूक चालूच असते.

इथं तक्त्यातली अन् पेशीतली बाजू शेजारी ठेवून बघ, कारण फरक दोन्ही दिशांनी पडतो. हेक्सोकायनेज तक्त्यात −१६.७ आहे अन् पेशीत दुप्पट. पायरुवेट कायनेज तक्त्यात −३१.४ आहे अन् पेशीत अर्ध्यावर येते. म्हणजे तक्ता पाहून कोणती पायरी सगळ्यात जोरदार आहे ते ठरवलं तर पायरुवेट कायनेज म्हणशील अन् पेशीत ती तिसऱ्या नंबरवर आहे.

हे पटत नसेल तर उलट्या बाजूनं तपास. हरतालिकेचा कडक उपास धरलेल्या बाईच्या रक्तातली साखर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोण सांभाळते? लिव्हर. आधी ग्लायकोजन तोडून, अन् ते संपत आलं की लॅक्टेट, ग्लिसरॉल, अमिनो ॲसिडपासून नवीन ग्लुकोज बनवून. या ग्लुकोनिओजेनेसिसमध्ये तीन उतारांना वळसा घालावा लागते, त्यासाठी वेगळी एन्झाइम आहेत, पायरुवेट कार्बोक्सिलेज, पेपसीके (फॉस्फोइनॉलपायरुवेट कार्बोक्सिकायनेज), फ्रुक्टोज बिसफॉस्फेटेज अन् ग्लुकोज ६ फॉस्फेटेज. पण अल्डोलेजला वळसा नाही, तेच एन्झाइम उलटं चालते. +२३.८ जर पेशीतला खरा आकडा असता तर उलटी बाजू −२३.८ झाली असती अन् ही पायरी फक्त उलटीच चालली असती, ग्लायकोलिसिस कधी झालंच नसतं. तेच एन्झाइम जेवल्यावर एका बाजूला अन् उपाशीपोटी दुसऱ्या बाजूला काम करते, यापेक्षा मोठा पुरावा कोणता पाहिजे? वळशाची किंमत मात्र आहे, दोन पायरुवेटपासून एक ग्लुकोज बनवायला सहा एटीपीएवढा खर्च, चार एटीपी अन् दोन जीटीपी, अन् ग्लायकोलिसिसमध्ये निव्वळ मिळाले होते फक्त दोन.

एक गोष्ट मान्य करतो, की हे आकडे परिस्थितीवर अवलंबून आहेत. मी दिलेले लाल पेशीचे आहेत, कारण तिचा अभ्यास भरपूर झाला आहे अन् तिच्यात मायटोकॉन्ड्रिया नसल्यामुळे हिशोब स्वच्छ राहते. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईच्या स्नायूत, लिव्हरमध्ये, यीस्टमध्ये आकडे वेगळे निघतील. स्नायू जोरात काम करत असला की एडीपी अन् फॉस्फेट वाढते, मग एटीपीचा −५२ सारखा आकडाही थोडा शून्याकडे सरकते. तापमान २५ धरलं की ३७ यावरही थोडाफार फरक पडते, म्हणून दोन पुस्तकांत −०.२ अन् −०.४ असं दिसलं तर घाबरू नको. कोणत्या पायऱ्या शून्याजवळ अन् कोणत्या लांब, हे चित्र मात्र बहुतेक ठिकाणी टिकते.

आता लॅबमधली गोष्ट सांगतो, कारण हे सगळं मला पुस्तकात नाही, फ्लोराईड बल्बमध्ये खरं समजलं. शुगरसाठी रक्त घेतात ती करड्या टोपीची ट्यूब तू पाहिली असशील, तळाशी पांढरी पावडर असते, सोडियम फ्लोराईड अन् पोटॅशियम ऑक्झलेट. ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवते म्हणून रक्त गोठत नाही. फ्लोराईड कशाला? उपकेंद्रावर सकाळी आठला रक्त घेतलं, साध्या ट्यूबमध्ये घेतलं, अन् ते डब्यात बसून एसटीनं तालुक्याला यायला अकरा वाजले. ट्यूबमधल्या लाल पेशी जिवंत आहेत, त्यांच्याकडे मायटोकॉन्ड्रिया नाही, त्या फक्त ग्लायकोलिसिसवर जगतात, म्हणून पूर्ण रस्ताभर त्या त्याच ट्यूबमधला ग्लुकोज खात येतात. साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते असं धरतात, आपल्याकडच्या मे महिन्यात त्याहून जास्तच. १३० फास्टिंग असलेल्या माणसाचा हिशोब कर, तासाला ६ टक्के, तीन तास, रिपोर्ट १०८ चा. १२६ च्या वर असलेला डायबिटीसचा पेशंट १०० ते १२५ च्या खान्यात गेला, अन् त्याला सांगितल्या जाईल की अजून डायबिटीस नाही, थोडं जपा.

म्हणून फ्लोराईड. ते मॅग्नेशियम अन् फॉस्फेटसोबत मिळून इनोलेजला अडवते, म्हणजे नववी पायरी. आता तुला प्रश्न विचारतो, नववी अडवली तर पहिली लगेच थांबेल का? पोरं म्हणतात हो. पण ट्यूबमध्ये दिसते की फ्लोराईड असलं तरी पहिला एक-दोन तास, कधी त्याहून जास्त, साखर कमी होतच राहते, मग स्थिर होते. आपण आत्ता जे शिकलो त्यानं हे उलगडते. इनोलेज अडलं की २ अन् ३ फॉस्फोग्लिसरेट साचत जाते, शून्याजवळच्या पायऱ्यांमधून ते साचणं मागं सरकते. पण हेक्सोकायनेज −३३ वर बसलं आहे, एवढ्याशा साचण्यानं त्याला फरक पडत नाही, एटीपी आहे तोवर ते ग्लुकोज ओढतच राहते. मग थांबते कसं? पायरुवेट बनत नाही म्हणून लॅक्टेट बनत नाही, लॅक्टेट बनत नाही म्हणून एनएडीएचचं (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) परत रिकामं एनएडी होत नाही, अन् एनएडी नसलं की त्याच्यावर चालणारी सहावी पायरी बसली. दुसरीकडून, पहिल्या टप्प्यात दोन एटीपी खर्च, सातव्या पायरीवर दोन परत, निव्वळ कमाई दहाव्या पायरीवर होती अन् ती बंद झाली, वर सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी खातच आहे. एटीपी उतरलं की हेक्सोकायनेज उपाशी, तेव्हा कुठं साखर खाणं थांबते.

म्हणूनच आता सायट्रेट असलेल्या ट्यूब निघाल्या आहेत, त्या रक्त थोडं आम्लधर्मी करतात अन् त्यानं हेक्सोकायनेज अन् फॉस्फोफ्रुक्टोकायनेज जवळपास लगेच मंदावतात. अडवायचं तर उतारावर अडवा, ही गोष्ट ट्यूब बनवणाऱ्यांनी नेमकी धरली. या ट्यूब सगळीकडे मिळत नाहीत, त्यामुळे जिथं सोय आहे तिथं अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा वेगळा करणं, नाहीतर सॅम्पल बर्फावर ठेवणं, हे अजूनही उत्तम. अन् फ्लोराईड बल्ब हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटासुलटा करायचा, पावडर तळाशीच राहिली तर ट्यूब करडी असून उपयोग नाही. तू पुढं डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाला) गेलीस तर हे रोजचं काम होईल.

लाल पेशीचं अजून एक सांगतो, आपल्या भागात सिकलसेल घराघरात माहीत आहे म्हणून. लाल पेशीत सातव्या पायरीच्या आधीच १,३ बिसफॉस्फोग्लिसरेटचा काही भाग आडवाटेनं २,३ बिसफॉस्फोग्लिसरेट होते. त्या वाटेनं गेलं की तिथला एटीपी बुडाला, पण हा पदार्थ हिमोग्लोबिनला बसून ऑक्सिजन सोडायला लावते, जे एरवी चांगलंच आहे. सिकलसेलमध्ये मात्र ऑक्सिजन सुटलेलं हिमोग्लोबिनच एकमेकाला चिकटून दोरे बनवते, म्हणून २,३ बीपीजी जास्त असणं तिथं त्रासाचं. पायरुवेट कायनेजला जोर देणारं मिटापिव्हॅट नावाचं औषध आहे, २०२२ मध्ये अमेरिकेत पायरुवेट कायनेज डेफिशियन्सीसाठी मंजूर झालं, त्यावर सिकलसेलसाठीही काम झालं आहे, कल्पना हीच की शेवटचा उतार जोरात वाहिला तर एटीपी वाढेल अन् २,३ बीपीजी कमी होईल. बीएस्सीच्या तक्त्यातली दहावी पायरी कुठपर्यंत जाते बघ.

आतापर्यंतचं एका दमात: तक्त्यातला आकडा १ मोलरच्या परिस्थितीचा, पेशीतला आकडा कॉन्सन्ट्रेशनवरून काढायचा, शून्याजवळच्या पायऱ्या दोन्ही बाजूंनी चालतात, लांबच्या पायऱ्यांवर नियंत्रण बसते.

आता तिसरा प्रश्न, यात जास्त वेळ घालवत नाही कारण यात समजायचं थोडं अन् बेरीज जास्त. ३६ अन् ३८ हे जुन्या हिशोबाचे, एक एनएडीएच म्हणजे ३ एटीपी, एक एफएडीएच२, तसाच इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू, म्हणजे २. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये सांगितलं की मायटोकॉन्ड्रियात इलेक्ट्रॉनच्या प्रवासातून थेट एटीपी बनत नाही, आधी प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूला जमा होतात अन् ते परत येताना एटीपी बनते, त्यासाठी त्यांना १९७८ चं नोबेल मिळालं. बघ, इथंही तेच आहे, एनर्जी प्रोटॉनच्या दोन बाजूंच्या फरकात ठेवलेली. अन् एकदा प्रोटॉन मधे आले की पूर्ण आकड्याची सक्ती राहत नाही. एका एनएडीएचमागे साधारण १० प्रोटॉन, एफएडीएच२ मागे ६, अन् एक एटीपी बनवून बाहेर द्यायला, फॉस्फेट आत आणायचा खर्च धरून, ४. म्हणजे २.५ अन् १.५.

बेरीज कर. मायटोकॉन्ड्रियातले एनएडीएच आठ, दोन पायरुवेट डिहायड्रोजिनेजचे अन् सहा क्रेब्स सायकलचे, झाले २०. एफएडीएच२ दोन, झाले ३. थेट मिळालेले ग्लायकोलिसिसचे २ अन् क्रेब्सचे २. इथपर्यंत २७. उरले सायटोसॉलमधले (मायटोकॉन्ड्रियाबाहेरच्या पेशीद्रवातले) दोन एनएडीएच, ते स्वतः आत जाऊ शकत नाहीत, शटलनं इलेक्ट्रॉन पाठवतात. मॅलेट-अस्पार्टेट शटल असेल तर ५ मिळतात, एकूण ३२, ग्लिसरॉल फॉस्फेट शटल असेल तर ३, एकूण ३०. कोणतं शटल ते ऊतीवर अवलंबून, लिव्हर अन् हृदयात पहिलं जास्त चालते, मेंदू अन् स्नायूत दुसरं.

परीक्षेत काय लिहायचं हे तुमच्या सिलॅबसला कोणतं पुस्तक लावलं आहे त्यावर आहे. एमसीक्यू असेल तर त्या पुस्तकातलाच आकडा टाक, तिथं वाद घालायला जागा नसते. मोठा प्रश्न असेल तर आधी एक ओळ लिही की एनएडीएचचे २.५ धरले आहेत अन् शटल अमुक धरलं आहे, मग बेरीज मांड. मी पेपर तपासतो तेव्हा गृहीतक लिहून ३० काढणाऱ्याला पूर्ण मार्क देतो, नुसतं ३८ लिहिणाऱ्याला आकड्यापुरतेच.

अभ्यासासाठी एक काम देतो. वहीत दहा पायऱ्यांचा तक्ता कर, एका रकान्यात डेल्टा जी नॉट प्राइम, शेजारचा रकाना पेशीतल्या डेल्टा जीचा रिकामा ठेव अन् तो स्वतः भर. अल्डोलेज आपण केलं. आता दुसरी पायरी तू कर, फॉस्फोग्लुकोज आयसोमरेज, स्टँडर्ड +१.७, लाल पेशीत ग्लुकोज ६ फॉस्फेट ८३ मायक्रोमोलर, फ्रुक्टोज ६ फॉस्फेट १४. आकडा निघाल्यावर दुसरा भाग: ग्लुकोज ६ फॉस्फेट तेवढंच आहे पण फॉस्फोफ्रुक्टोकायनेज अचानक मंदावलं अन् फ्रुक्टोज ६ फॉस्फेट ५० मायक्रोमोलरवर गेलं, तर ही पायरी कोणत्या बाजूला वळेल? दोन्ही उत्तरं मधल्या पायऱ्यांसकट इथंच लिहून टाक, अडली तर कोणत्या ओळीवर अडली ते पाहून सांगतो.